जुन्या जीपला वेगळी चाकं: आधी माप, मग रिम, टायर सगळ्यात शेवटी

महिंद्राची सीजे, एमएम ५४० किंवा मारुतीची जिप्सी, गाडी कोणतीही असो, चाकं बदलताना घोळ होतो तो क्रमात. आधी टायर पसंत पडतो, मग त्याच्यासाठी रिम शोधली जाते, आणि ती हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) बसत नाही हे कळेपर्यंत पैसे देऊन झालेले असतात. मग कानस, स्पेसर (हब आणि रिमच्या मध्ये घालायची जाड चकती), ग्राइंडर निघतात. खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. पहिले चार तर खिशातून एक रुपयाही न काढता होतात.

हाताशी हे ठेवा: १९ मिमीचा सॉकेट, टॉर्क पाना (नट ठरावीक जोरानेच आवळणारा; गावात नसेल तर तालुक्याच्या गॅरेजातून दिवसभरासाठी आणा), व्हर्निअर, पोलादी फुटपट्टी, सरळ लोखंडी पट्टी, ओळंबा, तारेचा ब्रश, गेरू, दोन मजबूत घोड्या आणि जॅकखाली टाकायला जाड फळी. काळ्या मातीत, विशेषतः पावसाळ्यात, फळीशिवाय जॅक लावू नका. तो खाली जातो आणि गाडी तिरपी होते.

टप्पा १: चाक कशासाठी बदलताय ते ठरवा

रुंद टायर दिसतो छान. पण खरिपात पांदणीतून जायचं असेल तर तो नेहमीच कामाचा नसतो. काळी चिकण माती रुंद टायरच्या गोट्यांमध्ये (नक्षीच्या उंचवट्यांमध्ये) भरते, मडगार्डखाली थापली जाते आणि चाक गुळगुळीत लोळ्यासारखं फिरायला लागतं. जुना ६.००-१६ (सुमारे सहा इंच रुंद, सोळा इंची रिमचा) अरुंद टायर माती कापत खालच्या टणक थरापर्यंत जातो, आणि गोटे उघडे असल्याने मातीही झटकतो. शेतातल्या कामासाठी मूळ मापाचीच चांगली रिम आणि नवा टायर घ्या, असंच आमचं मत आहे. मुरमाड रस्ता, जंगलातली वाट आणि डांबर असा मिश्र वापर असेल तर १५ इंची रिमवरचा रेडियल टायर आरामाचा आणि ब्रेकलाही भरवशाचा.

दुसरी गोष्ट काट्यांची. बाभळीचा काटा ट्रेडमधून जातो, त्याचं पंक्चर निघतं. पऱ्हाटी किंवा तूर कापल्यानंतर उभी राहिलेली धसकटं मात्र टायरचं पोट फाडतात आणि ते जोडता येत नाही. वावरातून गाडी न्यायची असेल तर ट्रेडच्या नक्षीपेक्षा बाजूची भिंत किती जाड आहे ते बघा.

टप्पा २: गाडी नव्या चाकांचं वजन पेलते का?

पुढचं चाक उचला, घोडीवर घ्या. वरून आणि खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे. तसाच राहिला तर किंगपिनकडे (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) बघा. मग चाक डावी-उजवीकडे हलवून टायरॉड आणि ड्रॅगलिंक या स्टिअरिंगच्या दांड्यांची टोकं तपासा.

हे काम आधी उरका. बाहेर निघालेली जड चाकं सैल किंगपिनवर लावली की ४०-५० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागतं, दोष नव्या चाकांना दिला जातो आणि बॅलन्सिंगवर पैसे जातात.

*इशारा: जुन्या जीपचा हँडब्रेक बहुधा ट्रान्सफर केसमागच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीमागच्या) शाफ्टवर असतो, चाकांवर नाही. मागचं एक चाक उचललं की डिफ्रन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. गाडी विटांवर कधीच टेकवू नका.*

टप्पा ३: स्टडची मापं

सर्वाधिक चुका इथेच होतात, म्हणून हा टप्पा सावकाश करा.

जुनी जीप आणि जिप्सी दोन्ही पाच स्टडच्या (स्टड म्हणजे हबमधून बाहेर आलेले, नट बसायचे बोल्ट), आणि दोन्हींचा पीसीडी, म्हणजे स्टडच्या मधोमध जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, १३९.७ मिमी म्हणजे साडेपाच इंच. पाच स्टडमध्ये कोणताही स्टड दुसऱ्याच्या थेट समोर नसतो, त्यामुळे पट्टी आडवी धरून व्यास मिळत नाही. शेजारच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर घ्या आणि १.७०१ ने गुणा. १३९.७ च्या हबवर हे अंतर ८२.१ मिमी येतं. एक स्टड सोडून पुढच्याचं अंतर १३२.९ मिमी. हेच १३२.९ अनेकजण पीसीडी समजतात आणि बाजारात "सव्वापाच इंची" रिम मागत फिरतात. रिमचंही असंच मोजा. शेजारच्या दोन भोकांत ६७.२ मिमी आलं तर ती ११४.३ ची रिम आहे, आपल्या कामाची नाही. सहा भोकांची १३९.७ ची रिमही मिळते. आकडा तोच असला तरी ती पाच स्टडवर बसत नाही.

आता आटे. जुन्या जीपचे स्टड अर्ध्या इंचाचे, इंचाला २० आट्यांचे. जिप्सीचे १२ मिमीचे, १.२५ मिमी पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). नुसतं बघून हे ओळखू येत नाहीत, कारण २० आट्यांचं पिच १.२७ मिमी निघतं. जिप्सीचा नट जीपच्या स्टडवर चढत नाही, तो धोका नाही. उलटं केलं तर मात्र जीपचा नट जिप्सीच्या स्टडवर सहज चढतो आणि आवळल्यासारखाही वाटतो. आटे फक्त टोकाला धरलेले असतात. पहिल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर ते सोलून निघतात. दोन गाड्यांचे नट एकाच डब्यात ठेवत असाल तर आजच वेगळे करा.

जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या स्टडना उलटे आटे असू शकतात. स्टडच्या टोकावर ‘एल’ अक्षर कोरलेलं दिसतं. ते घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटतात. हब बदललेली गाडी असेल तर कोणत्या बाजूला काय असेल याचा नेम नाही. प्रत्येक चाक स्वतंत्र बघा. नट सुटत नाही म्हणून पान्यावर पाइप चढवून जोर लावण्याआधी हे तपासलं तर स्टड वाचतो.

*तपासा: पुढच्या हबवर फ्री-व्हील लॉक (फोर-व्हीलसाठी पुढची चाकं जोडणारा-सोडणारा) असेल तर तो रिमच्या मधल्या भोकातून बाहेर येतो. लॉकचा सर्वात मोठा व्यास आणि रिमच्या भोकाचा व्यास, दोन्ही व्हर्निअरने घ्या. भोक कमी पडलं तर ती रिम मागे बसेल, पुढे नाही.*

टप्पा ४: रिम आत किती, बाहेर किती

रिम दर्शनी बाजूने जमिनीवर पालथी ठेवा. आतल्या काठावर सरळ पट्टी आडवी टाका. पट्टीपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतची खोली म्हणजे बॅकस्पेसिंग. रिमवर लिहिलेली रुंदी टायर बसतो तिथली असते. दोन्ही काठ धरून एकूण रुंदी साधारण एक इंचाने जास्त भरते. ७ जे, म्हणजे ७ इंची, रिमची एकूण रुंदी ८ इंच, निम्मी ४ इंच. बॅकस्पेसिंग पावणेचार इंच असेल तर रिम पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिमी, बाहेरच्या बाजूला आहे.

आता गाडीवरच्या चाकाशी तुलना करा. मूळ १६ इंची रिम साडेचार इंच रुंद. तिच्याजागी तितक्याच ऑफसेटची (हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यापासून तितकाच दूर असलेली) ७ इंची रिम घेतली तर काठ दोन्ही बाजूंना सव्वा इंच, म्हणजे ३२ मिमी, सरकतो. टायरचं पोट त्याहून जास्त सरकतं. ६.००-१६ चं पोट १६० मिमीच्या आसपास असतं, २३५ मापाच्या टायरचं सुमारे २३५ मिमी. म्हणजे आतल्या बाजूने ३७ मिमीच्या आसपास जागा खाल्ली जाते. आजच्या टायरपासून पाट्यांपर्यंत (स्प्रिंगच्या पट्ट्या), चेसिसपर्यंत आणि ड्रॅगलिंकपर्यंतचं सर्वात कमी अंतर मोजा, त्यातून हे वजा करा. पाट्यांपाशी किमान २५ मिमी उरायला हवेत, चिखलात चालवणार असाल तर ३५.

जागा उरत नसेल तर बॅकस्पेसिंग कमी असलेली रिम घ्यावी लागते, म्हणजे चाक बाहेर जातं. मूळ जागेपासून इंचभरापेक्षा जास्त बाहेर नेऊ नका. बेअरिंग आणि किंगपिनवरचा भार वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हातातून हिसकतं, आणि चाक मडगार्डच्या बाहेर निघालं की चिखल थेट दारावर आणि मागच्यांवर.

स्पेसर लावून जागा करू नका. भोकं कानसीने ओढून पीसीडी जुळवणं त्याहून वाईट: नटाचं बैठं (नट टेकतो ती जागा) तिरपं होतं आणि चाक मध्यावर राहत नाही.

टप्पा ५: टायरचं माप कागदावर

रेडियलचा व्यास असा काढा: रुंदीला उंचीच्या टक्क्याने गुणा, दुप्पट करा, त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवा. २३५/७५ आर १५ मध्ये २३५ ही मिमीतली रुंदी, ७५ हा उंचीचा टक्का आणि १५ रिमचे इंच; त्याचा व्यास ७३३ मिमी येतो. ६.००-१६ चा सुमारे ७३०. म्हणूनच जुन्या जीपला १५ इंचावर यायचं असेल तर हे माप सर्वात बिनधोक: स्पीडोमीटर खरं सांगतो, गिअरची ओढ बदलत नाही. त्यासाठी ६ ते ८ इंची रिम चालते, ६.५ किंवा ७ उत्तम. मूळ साडेचार इंची रिमवर हा टायर कोंबू नका.

२१५/७५ आर १५ चा व्यास ७०४ मिमी. जीपला तो थोडा बुटका, जिप्सीला मात्र चांगला. जिप्सी किंगच्या २०५/७० आर १५ चा व्यास ६६८, म्हणजे गाडी १८ मिमी उचलली जाते आणि स्पीडोमीटर सुमारे ५ टक्के कमी दाखवतो.

३१x१०.५ आर १५ कागदावर ७८७ मिमीचा. जीपवर लावला तर ६० दाखवताना गाडी जवळपास ६५ ने धावते, जमिनीपासूनची उंची फक्त २८ मिमी वाढते, आणि जुन्या ड्रम ब्रेकला तीच गाडी थांबवायला जास्त जोर लागतो. या मापाने आधी ब्रेक, मग स्प्रिंग, मग मडगार्ड असा खर्च मागे लागतो. त्याची तयारी नसेल तर या मापाकडे वळू नका.

टप्पा ६: वापरलेली रिम पारखणं

जंगल सफारीत राबलेल्या गाडीची रिम असेल तर रंगाने फसू नका. नटाच्या भोकांभोवती, मधल्या डिस्क आणि बाहेरच्या कड्याच्या जोडावर तारेच्या ब्रशने रंग काढा. तडा केसाएवढाही असला तरी ती रिम परत. डिस्क कापून पुन्हा वेल्ड केलेली रिम घेऊच नका. वेल्डिंग कितीही सुबक दिसलं तरी डिस्क मध्यावर आणि सरळ बसल्याची खात्री लेथशिवाय होत नाही.

नटाची भोकं लांबट झालीत का बघा. सैल चाकाने चाललेल्या रिमची खूण तीच.

कडा कुठे वाकली असेल तर लक्षात ठेवा, ट्यूबलेस टायर तिथूनच हवा सोडतो. काठाच्या आत टायर अडवणारा उंचवटा नसलेल्या जुन्या रिमवर ट्यूबलेस टायर ट्यूबशिवाय वापरू नका. हवा कमी असताना वळणावर टायर रिमवरून सुटतो. ट्यूब टाकाल तर रेडियलसाठीची, त्याच मापाची.

*इशारा: मिलिटरीच्या लिलावातल्या काही जुन्या गाड्यांना दोन भाग बोल्टने जोडलेली रिम असते, म्हणजे नटांची दोन वर्तुळं. हबचे नट वेगळे, रिमचे दोन भाग जोडणारे वेगळे. हवा भरलेली असताना दुसऱ्या वर्तुळाच्या नटाला पाना लावला तर रिम फुटून अंगावर येते. अशा चाकाची आधी वॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा, मगच काय ते.*

टप्पा ७: टायरशिवाय रिम बसवून बघा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. पाचही रिम एकदम विकत घेण्याआधी एक रिम उसनी आणा आणि नागड्या रिमवर सगळी परीक्षा करा.

१. ड्रमचा पुढचा भाग आणि रिमचा टेकणारा भाग तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत घासा. रंगाचा किंवा पावडर कोटिंगचा जाड थर इथे आणि नटाच्या बैठ्यात नको. काही दिवसांत थर दबतो, नट आपोआप सैल पडतो.

२. रिम लावा, नट हाताने फिरवा. स्टडच्या जाडीइतके आटे पकडायलाच हवेत. जीप असो की जिप्सी, हिशेब एकच येतो: पूर्ण दहा फेरे. अलॉय रिमचा मध्य जाड असल्याने फेरे बहुधा कमी पडतात. तेव्हा लांब स्टड लावा, पण ते लेथवाल्याकडून. जुन्या जीपचे स्टड ड्रम आणि हबला ठोकून पसरवलेले असतात. हातोड्याने बाहेर काढले तर हबची भोकं मोठी होतात.

३. नटाच्या टोकाला गेरू लावून हलकेच आवळा आणि काढा. बैठ्यात गेरूचं पूर्ण कडं उमटलं तर उतार जुळतो. एकाच बाजूला रेघ आली तर नट चुकीचा. अलॉयला त्याच रिमचे नट लागतात, स्टीलचे शंकूचे नट चालतीलच असं नाही.

४. चाक हाताने फिरवा. ड्रम, टायरॉडचं टोक, डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर, यांच्यापासून ५-६ मिमी तरी अंतर हवं. आतून चिकटवलेलं बॅलन्सिंगचं शिसं कॅलिपरला लागतं, त्याचीही जागा धरा.

५. जमिनीवर टेकवलेला खिळा किंवा तार रिमच्या कडेजवळ धरून चाक फिरवा. कडेचा डावा-उजवा डोल दीड-दोन मिमीपर्यंत चालतो. त्याहून जास्त असेल तर दुसरी रिम बघा.

पुढच्या दोन्ही आणि मागच्या दोन्ही हबवर हे करा. एका बाजूला बसली म्हणजे चारही बाजूंना बसेल असं जुन्या गाडीत गृहीत धरता येत नाही.

टप्पा ८: आता टायर

टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. विदर्भातल्या उन्हात गोदामाबाहेर पडून राहिलेला टायर नक्षी शाबूत असूनही कडक होतो. भिंतीवर बारीक भेगा दिसल्या की नको म्हणा.

चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, सारखेच झिजलेले हवेत. हवा सारखी भरून प्रत्येकाचा घेर टेपने मोजा. पुढच्या आणि मागच्या घेरात फरक असेल तर फोर-व्हील टाकल्यावर ट्रान्सफर केसला पीळ बसतो, लिव्हर निघता निघत नाही. स्टेपनीही त्याच मापाची. ती मागच्या ब्रॅकेटवर किंवा बाजूला बसते का, हे आताच बघा, पंक्चर झाल्यावर नाही.

टप्पा ९: आवळणं

स्टड कोरडे आणि स्वच्छ ठेवा, ग्रीस किंवा ऑइल लावू नका. गाडी उचललेली असतानाच नट एक सोडून एक, चांदणीच्या क्रमाने, हाताने आणि मग हलक्या पान्याने बसवा. नंतर गाडी खाली घेऊन टॉर्क पान्याने. जीपच्या अर्ध्या इंची स्टडला ६५ ते ८० फूट-पाउंड, म्हणजे ९० ते ११० न्यूटन-मीटर. जिप्सीला तिच्या मॅन्युअलमधला आकडा घ्या. जीपचा आकडा बारीक स्टडवर चालवू नका. पाइप चढवून उड्या मारून आवळलेला नट घट्ट नसतो, स्टड ताणलेला असतो.

*तपासा: ५० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क, ५०० किलोमीटरनंतर आणखी एकदा. पहिल्या वेळी एखादा नट थोडा फिरणं साहजिक आहे. दुसऱ्या वेळीही फिरला तर चाक उतरवून रंग, माती किंवा बैठं तपासा.*

टप्पा १०: धुऱ्यावरची परीक्षा

सपाट जागी फिरवून समाधान मानू नका. पुढच्या टायरच्या आतल्या-बाहेरच्या कडांना ओला गेरू लावा. स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा, मग पुढचं एक चाक आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक एकाच वेळी उंचावर येईल अशा बेताने गाडी हळूहळू धुऱ्यावर चढवा. त्या स्थितीत पुन्हा दोन्हीकडे वळवा. चाक दुसऱ्याने दुरून बघावं. खाली वाकून कुणी बघू नये. उतरल्यावर पाटे, शॉकॲब्सॉर्बर, चेसिस, मडगार्ड आणि ब्रेकच्या रबरी नळीवर गेरू लागलाय का ते शोधा.

पाट्यांना लागत असेल तर नकलवरचे (पुढचं चाक वळतं त्या सांध्यावरचे) स्टॉप बोल्ट दोन्ही बाजूंना सारखेच फिरवून थोडे बाहेर आणा, पूर्ण काढू नका. वळण थोडं मोठं होईल, ते सोसा. ब्रेकच्या नळीला लागत असेल तर मात्र नळीची वाट बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

टप्पा ११: हवा, टो-इन आणि पासिंग

हवा सकाळी, गाडी उन्हात उभी राहण्याआधी मोजा. तापमान ५-६ अंशांनी वाढलं की सुमारे एक पीएसआय वाढतो. मे महिन्यातल्या दुपारी मोजून सोडलेली हवा पहाटे कमी भरते. हलक्या जीपवर २३५/७५ ला २६ पीएसआयपासून सुरुवात करा. ट्रेडवर आडवी खडूची जाड रेघ मारा, डांबरावर सरळ पंचवीस-तीस मीटर चालवा. रेघ मधोमध पुसली गेली तर हवा जास्त, कडांना पुसली गेली तर कमी. दोन-दोन पीएसआयने बदलत सारखी पुसली जाईपर्यंत करा. पुढच्या-मागच्या चाकांना आकडे वेगळे येतील.

टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किती आत वळलेली आहेत ते, नव्याने तपासा. जुन्या जीपला पुढच्या बाजूला एक ते अडीच मिमी आत, एवढंच. जास्त दिला की टायरच्या बाहेरच्या कडेवर पिसासारखी झीज दिसते.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरणाला गाडी दाखवावी लागते, तेव्हा मडगार्डबाहेर निघालेली चाकं निरीक्षकाच्या नजरेत सर्वात आधी भरतात. ट्रेडची खोली १.६ मिमीपेक्षा कमी चालत नाही. मूळ रिमा भंगारात देऊ नका. आतून-बाहेरून तेलाचा हात मारून गोठ्याच्या माळ्यावर, जमिनीपासून वर ठेवा. त्यांचे मूळ नट त्याच रिमला तारेने बांधा.